वाईच्या गंगापुरीतली पोथ्यांची कपाटं

साताऱ्याहून वाईला जाणारे बहुतेक जण ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात, मेणवलीचा वाडा बघतात आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला निघून जातात. वाईच्या गंगापुरी भागात प्राज्ञपाठशाळा ही संस्कृत शास्त्रांच्या अध्ययनाची संस्था आहे हे पुष्कळ सातारकरांना ऐकून माहीत असतं, आत गेलेले मात्र थोडेच. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कुठल्याही गावाला गेले तरी तिथलं ग्रंथालय बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. तरीही घराजवळची ही जागा नीट बघायची राहूनच गेली होती, ती यंदाच्या श्रावणात बघितली.

मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवरचं ग्रंथालय मी पाहिलं आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिलेली ती इमारत 1878 साली पूर्ण झाली. तिथल्या रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात बसलं की पुस्तक बाजूला ठेवून नुसतं वर बघत राहावंसं वाटतं. वाईत तसं काही नाही. इथं बघायचं ते एवढंच, की या कपाटांतल्या ग्रंथांतून पुढं कोणते ग्रंथ तयार झाले. माझ्या लेखी ग्रंथालयाची थोरवी त्यावरच ठरते.

पाठशाळेमागची मूळ व्यक्ती नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती. वेदवचनांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारं शास्त्र म्हणजे मीमांसा; तिचा सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचा. त्यांचे विद्यार्थी लक्ष्मणशास्त्री जोशी पिंपळनेरहून लहान वयात वाईला शिकायला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या संपादनाखाली धर्मकोशाचं काम सुरू झालं आणि 1937 साली व्यवहारकांडाचा, म्हणजे न्यायनिवाड्याच्या विभागाचा, पहिला भाग छापून निघाला. वेदांपासून थेट निबंधग्रंथांपर्यंत (म्हणजे धर्मशास्त्राची वचनं विषयवार गोळा करणाऱ्या नंतरच्या ग्रंथांपर्यंत) एकेका विषयावर कोण काय म्हणतं ते काळाच्या क्रमानं एकत्र लावायचं, खाली टीकाकारांची मतं द्यायची आणि निरनिराळ्या प्रतींतले पाठभेद तळटीपेत नोंदवायचे, असं ते काम. संगणक तर नव्हताच, शब्दसूची करायची तीही हातानं. आमच्याकडे पुस्तकांच्या कार्डांचे ड्रॉवर होते त्या काळात मी नोकरीला लागले, त्यामुळे हे काम किती चिवट असणार याचा मला थोडाफार अंदाज येतो.

मी व्यवहारकांड मागून घेतलं आणि सीमाविवादाचं प्रकरण काढलं. बांधाच्या भांडणानं आमच्या भागात भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, म्हणून मुद्दाम. मनुस्मृतीचं वचन समोर आलं: दोन गावांत हद्दीचा तंटा उभा राहिला तर निवाडा ज्येष्ठात करावा, कारण त्या महिन्यात बांध स्पष्ट दिसतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं शेत पाहिलेलं होतं! पुढं हद्दीत पुरून ठेवायच्या खुणा येतात: हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. म्हणजे लवकर कुजणार नाही, विरणार नाही असं काहीतरी. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्रं आणि माळा घालून शपथेवर हद्द सांगायची. मनुस्मृतीत मला न पटणारं, संताप आणणारंही खूप आहे. पण वाद घालायचा तर आधी मूळ वचन आणि त्यावरच्या टीका समोर हव्यात, आणि ती सोय या मंडळींनी करून ठेवली.

लक्ष्मणशास्त्रीबुवांनी ती विद्या कशासाठी वापरली हेही सांगायला हवं. 1932 साली येरवडा तुरुंगात असलेल्या गांधीजींना अस्पृश्यता निवारणाच्या कामी शास्त्राधार पुरवणाऱ्यांत ते होते. पुढच्याच वर्षी देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात त्यांनी लावला.

पोथी बघायला मिळाली ती शेवटी. हात धुऊन, कोरडे करून या, असं तिथल्या काकांनी सांगितलं. कापडाची गाठ सुटली, वरची लाकडी फळी बाजूला झाली. सुटी लांबट पानं, मधोमध काळीभोर अक्षरं, चुकलेल्या जागी हरताळ (पिवळा रंग) लावून वर केलेली दुरुस्ती, समासात दुसऱ्याच कुणाच्या बारीक हाताची टीप. जुन्या लेखनिकांचा एक श्लोक असतो, तो शेवटच्या पानावर होता: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला सांभाळ, असं पोथी म्हणते. वाळवी, कसर आणि गळक्या छपराशी झगडण्यात माझी नोकरी चालली आहे, मला तो श्लोक फार जवळचा वाटला.

1917 च्या सुमारास विनोबा नारायणशास्त्र्यांकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला वाईत राहिले होते. तेव्हा त्यांनी विद्यार्थी मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं आणि त्याच्या खर्चासाठी पंधरा मुलं जात्यावर दळण दळू लागली. दोन शेरांना एक पैसा. चांगल्या खात्यापित्या घरातली मुलंही दळायला बसत, आणि गावातले लोक त्यांना वेड्यात काढत. त्या दळणाच्या वाचनालयात चारशे पुस्तकं जमली. हे विनोबांनी गांधीजींना पत्रातून कळवलं होतं. ग्रंथालय चळवळीवरच्या भाषणांत मोठमोठी नावं येतात, ही गोष्ट मी कधी ऐकली नाही.

मराठी विश्वकोशाचं कार्यालयही याच गंगापुरीत. आधी 1973 साली परिभाषेचा खंड निघाला, मग 1976 साली पहिला, आणि विसावा खंड आला 2015 मध्ये. एवढं काम मुंबई-पुणे सोडून वाईत झालं, कारण शास्त्रीबुवा इथं होते आणि संदर्भाला ग्रंथ हाताशी होते.

आता आमच्याकडची स्थिती सांगते. हल्ली ग्रंथालयं भरलेली दिसतात ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेमुळे. मुलं येतात, पंख्याखालची जागा धरतात, घरून आणलेलं गाइड वाचतात आणि जातात. त्यांची गरज खरी आहे, त्यांना मी कधी हटकत नाही. पण मागच्या कपाटांना कुलूप राहतं. पुस्तक मागितलंच जात नाही म्हणून नवं घेतलं जात नाही, आणि घेतलं जात नाही म्हणून उद्या कुणी मागणारही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर आमच्या इतिहासाच्या वर्गातली काही मुलं घेऊन मी वाईला जाणार आहे. प्रत्येकाला एक विषय ठरवून दिला आहे: कर्ज, ठेव, वाटणी, बांध. संस्कृत वाचून दाखवायला आमच्या संस्कृतच्या मॅडम येणार आहेत. तुम्हीही जाणार असाल तर आधी कळवा आणि काय बघायचं ते नेमकं सांगा, म्हणजे तिथल्या माणसांना ते कपाटातून काढून ठेवता येतं. आणि पाण्याची बाटली टेबलावर नेऊ नका.