पारा चढला की हरणं निघतात म्हणे

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या ऑफिसात नोव्हेंबर लागला की लोक एकमेकांना पारा विचारतात. थंडीचा नव्हे, हवेच्या दाबाचा. तिकडे थँक्सगिव्हिंग आटोपलं की बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि कित्येक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी द्यायच्या. 2019 पासून तो शनिवारी उघडतो. भडक नारिंगी जाकिटं चढवून माणसं पहाटेच्या अंधारात झाडावरच्या मचाणावर जाऊन बसतात. आपल्याकडे शाळांना सुट्टी गणपतीची, तिकडे हरणाची.

या मंडळींचा एक नियम भाच्याने मला फोनवर ऐकवला. "मावशी, बॅरोमीटर तीस इंचांच्या वर गेला आणि अजून चढत असला, की हरणं दिवसाउजेडी बाहेर पडतात." आणि उतरत असला तर? "वादळाच्या आधी झपकन उतरला तरी निघतात. वादळ यायच्या आत खाऊन घ्यायचं असतं ना!" म्हणजे चढला तरी निघतात, उतरला तरी निघतात. आपल्याकडच्या पोपटवाल्या ज्योतिषालाही इतकी सोय नसते.

तीस इंच ही पाऱ्याच्या स्तंभाची उंची. आपल्या वेधशाळेच्या हिशेबात साधारण 1016 हेक्टोपास्कल. मी बोरिवलीची, नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालत जाते, त्यामुळे हा नियम आमच्या चितळांना लावून पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. मुंबईत जानेवारीत दाब 1013-14 च्या घरात असतो. जून-जुलैत तो 1003-04 पर्यंत उतरतो आणि पावसाळाभर खालीच रेंगाळतो. नियम खरा मानला तर आमच्या चितळांनी मृगात जे बसावं ते गणपती येईपर्यंत उठूच नये! आणि नेमकं तेव्हाच तर कोवळं गवत वर येतं, चितळांची चंगळ असते.

याहून गंमत रोजच्या रोज चालते. आपल्या भागात दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, ही सूर्याची. वरची हवा तापते त्यातून उठणारी. उष्ण कटिबंधात ती इतकी नेमाने येते की बॅरोमीटर बघून पाव तासाच्या फरकाने वेळ सांगता येईल, असं हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. मुंबईत हा चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा. पेनसिल्व्हेनियात थंड हवेची एकेक फळी येऊन दाब वीस-वीसने हलवून जाते, तिथे या तीनाला कोण विचारतो?

आता चितळांचं वेळापत्रक बघा. कान्हेरीच्या रस्त्याला उजाडताना कळप चरत असतो. दहा वाजत आले की एकेक करून सावलीत सरकतात. एकदा एक नर अगदी जवळून बघायला मिळाला. शिंगांवर अजून मखमल, पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, जबडा आडवा फिरत होता आणि डावा कान माशी बसली की फडफडत होता. उजवा मात्र माझ्याकडे लावलेला. दाब त्या वेळी दिवसातला सर्वात जास्त, आणि साहेब रवंथ करत बसलेले. दुपारी चारला दाब तळाला जातो तेव्हा ऊन कलतं आणि कळप उठतो. अमेरिकन नियम आमच्याकडे बरोब्बर उलटा चालतो, कारण चितळ ऊन आणि सावली बघतं.

शिवाय तीन हेक्टोपास्कल म्हणजे किती? पंचवीसेक मीटर चढ चढलं की दाब तेवढाच उतरतो. पार्कातल्या टेकडीवर पाल्यासाठी चढलेलं भेकर रोज त्याच्यापेक्षा मोठा बदल पायाखाली घालून परत येतं.

मग तिकडचे शिकारी काय वेडे आहेत? मुळीच नाही. थंड हवेची फळी सरकून गेली की पाठोपाठ दाब चढतो, आभाळ निवळतं, गारठा पडतो. हिवाळी लोकर अंगावर आलेल्या हरणाला अशा हवेत फिरणं सोसतं. त्यात नोव्हेंबर म्हणजे त्यांच्या माजाचा महिना. दिवस लहान होत गेले की नर माद्यांमागे धावत सुटतात. हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून माग काढला तेव्हाही पहाट, संध्याकाळ आणि माज यांचाच जोर दिसला. दाबाच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. पण मला वाटतं नियमाचा खरा परिणाम हरणावर नसून माणसावर आहे. आकडा चांगला आहे म्हटल्यावर माणूस गारठ्यात आणखी दोन तास बसतो, आणि बसणाऱ्यालाच हरण दिसतं.

प्राण्यांना दाब कळतच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2001 मध्ये फ्लोरिडात गॅब्रिएल वादळ येण्याआधी दाब पडू लागला, तशी उथळ खाडीतली शार्कची पिल्लं खोल पाण्यात निघून गेली आणि वादळ गेल्यावर परतली. बंदरावर बावटा चढायची वाट त्यांनी पाहिली नाही.

आमच्या बोरिवलीत शिकारीचा प्रश्न 1972 च्या वन्यजीव कायद्यानेच मिटवला. आता इथे शिकारी एकच, बिबट्या, आणि त्याला चितळ नाही मिळालं तर वस्तीतलं कुत्रं चालतं.

हे सगळं मी आमच्या बिल्डिंगच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, कारण त्यांचे गुडघे म्हणजे सोसायटीची वेधशाळा. दाब उतरला की दुखतात, म्हणजे पाऊस येणार. मी म्हटलं, "काका, तळमजल्यावरून तुमच्या घरी लिफ्टने जाताना दाब सहा-सात हेक्टोपास्कलने उतरतो. दिवसभराच्या दुप्पट! मग लिफ्टमध्ये का नाही दुखत?"

"अगं, लिफ्टमध्ये लिफ्टमनचं स्टूल आहे," काका म्हणाले, "मी बसून जातो. गुडघ्यांना कळणार कसं?"