आमची वाटचाल: पाटीवरचे वॅट, मीटरवरचे वॅट

आम्ही हीटरच्या कॉइल बनवतो. मी आणि माझा धाकटा भाऊ, सोबत चार कामगार. सुरुवातीला आमच्याकडे कॉइल गुंडाळायचं एक हाती यंत्र, एक मल्टिमीटर आणि शाळेत पाठ केलेली दोन सूत्रं होती. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे तारेचा रोध, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. एवढ्या भांडवलावर धंदा चालेल अशी माझी खात्री होती. भावाची नव्हती.

पहिली मोठी ऑर्डर होती २३० व्होल्टवर २००० वॅटच्या उघड्या कॉइलची. हिशोब पाच मिनिटांत झाला. २००० ला २३० ने भागलं, ८.७ अँपिअर आले. २३० ला ८.७ ने भागलं, साधारण २६.५ ओहम. हाताशी अर्धा मिलिमीटर जाडीची नायक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार होती, तिचा रोध मीटरला सुमारे साडेपाच ओहम. म्हणजे ४.८ मीटर तार झाली की काम फत्ते. मल्टिमीटरनेही २६.५ च दाखवले. कॉइल चालू केली, ती लाल झाली, मग पिवळी पडली आणि थोड्याच वेळात एका वळशाशी तुटली. दुसरी लावली, तीही गेली.

रोध बरोबर, वॅट बरोबर, तरी कॉइल का जाते? भावाने कागदावर तारेच्या पृष्ठभागाचा हिशोब मांडला. ४.८ मीटर तारेचा पृष्ठभाग जेमतेम ७५ चौरस सेंटिमीटर. त्यातून २००० वॅट बाहेर पडायचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे २७ वॅट. उष्णता बाहेर पडायला जागाच नव्हती. तेच २६.५ ओहम एक मिलिमीटर तारेने साधायचे तर १९ मीटर तार लागते, आणि पृष्ठभाग होतो ६०० चौरस सेंटिमीटर. जाडी दुप्पट, लांबी चौपट, पृष्ठभाग आठपट! दर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन-साडेतीन वॅट उरले. त्या कॉइल टिकल्या. ओहम किती हे सूत्र सांगतं, ते कुठल्या तारेत बसवायचे हे सांगत नाही. त्या दिवसापासून तारेचा गेज, म्हणजे जाडी, भाऊ ठरवतो, मी त्यात बोलत नाही.

मग तक्रार आली ती उलट्या बाजूची. ‘तुमचा दोन किलोवॅटचा हीटर दीड किलोवॅटचाच आहे.’ फसवलं, असंच सरळ म्हणणं होतं. मी टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचा मीटर) आणि मल्टिमीटर घेऊन गेलो. हीटर चालू असताना त्याच्या टोकांवर २०० व्होल्ट, प्रवाह ७.५६ अँपिअर. गुणाकार १५१२ वॅट. ग्राहकाचं बरोबर होतं. भागाकार केला तर २६.५ ओहम, म्हणजे आमचंही बरोबर होतं. हीटर बंद केल्यावर तिथेच २२८ व्होल्ट दिसले. मधले २८ व्होल्ट कुठे गेले? मुख्य बोर्डापासून हीटरपर्यंत शंभर मीटर अंतर होतं आणि वायर एक चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन दोनशे मीटर तांबं, २८ भागिले ७.५६, म्हणजे ३.७ ओहम. २८ गुणिले ७.५६ केल्यावर मात्र ग्राहक गप्प झाला. दोनशेहून अधिक वॅट नुसते वायर तापवण्यात जात होते. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर हीटर १८०० च्या वर गेला. व्होल्ट थोडे घटले तर वॅट थोडेच घटतील असं वाटतं, पण रोध तोच राहिला तर वॅट व्होल्टच्या वर्गाप्रमाणे पडतात. व्होल्टमध्ये तेरा टक्क्यांची घट, वॅटमध्ये चोवीस टक्क्यांची.

तिसरी चूक निव्वळ माझी. २४ व्होल्ट, १५० वॅटची छोटी एलिमेंट. रोध हवा ३.८४ ओहम. प्रत्येक नग मल्टिमीटरवर ३.८४ बघून पास केला. ग्राहकाकडे एलिमेंट लावलं की त्याला २४ व्होल्ट पुरवणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बंद पडायचा. दोन दिवस मी त्या एसएमपीएसला शिव्या दिल्या. शेवटी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली, तर मीटर ०.३ ओहम दाखवत होता. तो नुसत्या लीडचा, म्हणजे मीटरच्या वायरींचा रोध! खरा रोध ३.५४, प्रवाह सव्वासहाऐवजी पावणेसात अँपिअर, आणि वॅट १६३ च्या आसपास. साडेसव्वीस ओहममध्ये हे ०.३ खपून जातात, पावणेचारात नाही. आता कमी ओहमच्या नगातून आम्ही मोजून एक अँपिअर सोडतो आणि नगाच्या अगदी टोकांवर व्होल्ट वाचतो. जितके व्होल्ट तितके ओहम, भागाकार करायचीही गरज नाही.

या तीन प्रकरणांनंतर आमची चिठ्ठी बदलली. पूर्वी नगावर फक्त वॅट लिहायचो. आता थंड असतानाचा रोध आणि ठरलेल्या व्होल्टवर तापल्यानंतरचा प्रवाह, दोन्ही लिहितो. नायक्रोमचा रोध तापल्यावर काही टक्केच वाढतो, पण १००० वॅटच्या पुढे तेवढ्यावरूनही वाद होतात. (बल्बची टंगस्टन तार तर तापली की दहापटीहून जास्त रोध दाखवते. थंड बल्बचा रोध मोजून वॅट काढणाऱ्याचं उत्तर भलतंच येतं.) मोटारवाले कधीकधी हेच गणित घेऊन येतात. त्यांना सांगतो, एसी मोटारीत व्होल्ट-अँपिअरचा नुसता गुणाकार म्हणजे वॅट नव्हे, पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट, ते सांगणारा आकडा) धरावा लागतो. आणि गुंडाळीचा रोध मोजून चालू मोटारीचा प्रवाह निघत नाही.

सिलिकॉन कार्बाइडच्या सळ्यांचं काम अजून घेत नाही. त्यांचा रोध तापताना आधी उतरतो, मग चढतो, आणि वापराने सळी जुनी होत जाते तसा वाढतच राहतो. चिठ्ठीवर कुठला आकडा लिहायचा? दोन सळ्या आणून भट्टीत बसवल्या आहेत. रोज सकाळी भाऊ त्यांचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत लिहितो, भागाकार माझ्याकडे असतो.