वर्षाचे भात एकदाच का घेते

“पाच माणसांच्या घराचा किराणा तुम्ही एवढ्यात कसा भागवता?” हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, लग्नघरी, इतकेच काय, खानापूरहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्येसुद्धा विचारला जातो. म्हणून एकदा नीट लिहून काढते. विचारणाऱ्या बहुतेकींना वाटते की मी एखादे स्वस्त दुकान सांगेन. तसे दुकान मला ठाऊक नाही. माझे पैसे वाचतात ते वर्षातून दोनदा, सुगीनंतर भात, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, घेताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मिरची घेताना. आणि वाचलेले पैसे हाती राहतात ते पावसाळ्यात दाणा जपल्यामुळे.

भाताचे आधी सांगते, कारण आमच्या घरात सर्वांत जास्त पैसा त्यावरच जातो. आम्हाला महिन्याला साधारण पंधरा-सोळा किलो तांदूळ लागतो. तो दर महिन्याला दुकानातून आणण्याऐवजी मी खानापूर तालुक्यातल्याच शेतकऱ्याकडून सुगी झाल्यावर तीन क्विंटल इंद्रायणीचे भात घेते. तांदूळ न घेता भात घेण्याचे कारण असे, की टरफलातला दाणा किडीपासून जास्त सुरक्षित राहतो आणि टरफलातच जुना होतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पाणी कमी ओढतो आणि फुगत नाही. जुना तांदूळ तेवढ्याच मापात भांडे भरून दाखवतो. म्हणूनच दुकानात जुन्याला भाव जास्त असतो, आणि तो जास्तीचा भाव मला द्यावा लागत नाही.

हिशेब मात्र नीट करावा लागतो, कारण भाताचा भाव आणि तांदळाचा भाव सरळ शेजारी ठेवून चालत नाही. शंभर किलो भात गिरणीत घातले की अखंड तांदूळ आणि कणी मिळून साधारण ६५ किलो पदरात पडतात. समजा भात किलोला ३० रुपयांनी मिळाले, तर शंभर किलोचे ३,००० झाले; गिरणीची मजुरी आणि टेम्पोचे भाडे मिळून २५० धरले, तर ३,२५० भागिले ६५, म्हणजे तांदूळ किलोला ५० रुपयांना पडला. तसल्याच तांदळाचा दुकानातला भाव याहून वर असेल तरच भात घ्यावे. नसेल तर हा खटाटोप करू नये. कणी मी वेगळी चाळून ठेवते. तिची पेज होते, इडलीही होते, आणि तेवढ्यापुरता अखंड तांदूळ वाचतो.

मिरचीत नुकसान होते ते वजनात. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, असे आमच्याकडचे ठरलेले मिश्रण आहे. सासूबाईंनी मला शिकवले की ढिगातली मिरची आधी मुठीत दाबून पाहावी. चुरचुरत मोडली तर ती वाळलेली. वाकून पुन्हा सरळ झाली तर तिच्यात ओल आहे, आणि ती ओल आपण मिरचीच्या भावाने विकत घेतो. सासूबाई मिरची हलवून बियांचा आवाजही ऐकत असत. आजही मी भाव विचारण्याआधी मूठ भरते.

एकदा मात्र मी मोठी चूक केली. भाव उतरला म्हणून मृगाच्या तोंडावर तीस किलो गहू घेतला आणि उन्हे न दाखवता प्लॅस्टिकच्या पिंपात भरून झाकण घट्ट लावले. आमच्याकडचा पाऊस जोराचा आणि हवा दमट. श्रावणात पिंप उघडले तेव्हा कुबट वास आला, आणि तळाशी हात घातला तर गव्हाचे गोळे हाताला लागले. सगळा गहू टाकून द्यावा लागला, आणि अन्न टाकताना जीव फार तुटला. तेव्हापासून गहू आणि डाळी मे महिन्यातच कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावर भरते. तांदळाला ऊन देत नाही, कारण उन्हाने दाणा तडकतो आणि त्याचा तुकडा होतो. भाताची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असतात, आणि तीन-तीन महिन्यांचेच भात गिरणीला जाते.

बाकीचा किराणा महिन्यातून एकदा बेळगावच्या रविवार पेठेतून आणते. तिथे मी पाकिटाचा भाव पाहत नाही, किलोचा पाहते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील लेबलच्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही, आणि २५ किलोंच्या वरच्या पोत्यावरही नाही. तांदळाची २६ किलोंची पोती दिसू लागली ती त्यामुळेच. तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचल्याशिवाय तर मी ती उचलतच नाही. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ते कमी भरते, आणि आपण दोन रुपये वाचले म्हणून समाधान मानतो.

पूर्वी बेळगावच्या या फेरीत वाचलेले पैसे बसभाड्यातच जात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, म्हणून हा हिशेब आता जमतो. मुलांच्या दुधात आणि अंड्यांत मी कधी काटकसर केली नाही, आणि कुणी करावी असेही मला वाटत नाही.

“आमच्या दोन खोल्यांत पोती कुठे ठेवायची?” असे वडगावच्या एका मैत्रिणीने विचारले होते. तिने गेल्या सुगीला दोन शेजारणींबरोबर मिळून एकच क्विंटल भात घेतले, एकत्रच गिरणीला नेले आणि काट्यावर वजन करून तिघींनी तांदूळ वाटून घेतला. कणीचे वाटेही तीन केले.