एकाचा दीड झाला, त्याची गोष्ट

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या वर्गीकरणाचा फॉर्म भरला, डॉक्टरांचे कागद जोडले, तेव्हा मला वाटलं मुख्य काम झालं. एमआरआयचा रिपोर्ट होता, ऑपरेशनची कागदपत्रं होती. छातीच्या सातव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला झालेली इजा काळ्यावर पांढरं दिसत होती. हे वाचून कुणीतरी माझा वर्ग ठरवेल आणि मी स्पर्धा खेळायला मोकळी, अशी माझी समजूत. आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, हसले. "कागद नुसते दारातून आत जाण्यापुरते. वर्ग तुझं धड ठरवणार."

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे १.० ते ४.५ मधला एक आकडा असतो, अर्ध्या-अर्ध्या पॉइंटाच्या पायऱ्यांनी. धडावर ताबा जितका कमी, तितका आकडा लहान. मैदानावरच्या पाच जणींची बेरीज कोणत्याही क्षणी १४ च्या वर जाता कामा नये. गेली तर टेक्निकल फाउल. बाकी मैदान तेच २८ बाय १५ मीटरचं आणि रिंगही तेवढीच उंच, ३.०५ मीटर. (रिंग खाली आणत असतील ना, असं मला अजूनही विचारलं जातं. नाही आणत.)

आधीचे काही आठवडे खुर्ची बसवण्यातच गेले. पोटावर रुंद पट्टा, मांड्यांवर एक, पावलांना एक. सीट मागे उतरती, म्हणजे गुडघे वर आणि कंबर खाली खोलात. ३.० पर्यंतच्या खेळाडूंना सीट ६३ सेंटीमीटरपर्यंत उंच ठेवता येते, त्यावरच्यांना ५८. मला वाटलं, उंचीची सवलत आहे तर घेऊन टाकावी. घेतली, आणि पहिल्याच वळणावर कडेला कलंडले. धडच साथ देत नसेल तर ती उंची घेऊन करायचं काय? मुकाट्याने सीट खाली आणली. सरांनी बजावलं होतं की ज्या पट्ट्यांत आणि ज्या गादीवर तुला तपासतील, त्यांतच पुढे खेळायचं. नंतर एखादा पट्टा वाढवला तर केलेलं वर्गीकरण फुकट.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. जे जमतं ते लपवायचं नाही. मुद्दाम कमी करून दाखवलं आणि पकडलं गेलं, तर बंदी येते. यावर मला हसू आलं, कारण माझी खोड बरोबर उलटी होती. अपघातानंतरची सहा वर्षं मला काय जमत नाही ते झाकण्यात गेली होती. टेबलावरची वस्तू घ्यायची तर एक कोपर गुपचूप पाठीच्या दांड्यामागे अडकवायचं आणि दुसरा हात पुढे करायचा. बघणाऱ्याला वाटतं, बाई छान वाकली.

वर्ग ठरवणाऱ्या पॅनलमध्ये तिघं होते. काही खेळांत आधी टेबलावर झोपवून एकेका स्नायूची ताकद तपासतात, तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. इथे मला सरळ मैदानावर सोडलं. वेगात ढकला, थांबा, दोन्ही बाजूंना वळा. चेंडू जमिनीवरून उचला, आधी उजवीकडून, मग डावीकडून. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पास द्या. तुमची नेमबाजी कशी आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. हाताचा आधार न घेता धड पुढे, बाजूला आणि वळताना कुठवर जातं, आणि मुख्य म्हणजे तिथून परत येतं का, एवढंच ते बघत असतात.

चेंडू उचलताना माझं कोपर सवयीने मागे गेलं. पॅनलमधल्या क्लासिफायर बाई शांतपणे म्हणाल्या, "तो हात सोडा आणि परत करा." सोडला. छाती मांड्यांवर आदळली. उठायला दोन्ही हातांनी चाकं धरावी लागली. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा तेच. डोक्यावरून पास देताना तर एक हात आपोआप खाली येऊन चाकावर बसायचा. तो मी खाली आणतेय हे मलाच कळत नव्हतं. सहा वर्षं मेहनतीने झाकलेलं सगळं वीस मिनिटांत तीन अनोळखी माणसांनी वहीत उतरवून घेतलं.

त्याआधीचे दोन तास मात्र नुसते थांबण्यात गेले, आणि ते मला जास्त जड गेले. माझी वेळ कुणी पुढे ढकलत होतं, कुणी मागे. खेळाच्या खुर्चीत गुडघे वर असतात, सगळा भार बुडाखाली येतो, आणि मला तिथली संवेदना नाही. दर पंधरा मिनिटांनी हातांवर अंग उचलून धरत राहिले. ज्यांची तपासणी व्हायची आहे त्यांना एवढंच सांगेन की नाव पुकारेपर्यंत साध्या खुर्चीत बसा, खेळाच्या खुर्चीत शेवटी जा. आणि आत जाण्यापूर्वी कॅथेटरचं (लघवी काढायच्या नळीचं) काम उरकून घ्या. मूत्राशय भरलेलं असलं की पायांत झटके वाढतात, आणि त्या वेळी नेमकं तेच नको असतं.

निकाल आला १.०. म्हणजे सगळ्यात खालचा. शाळेत गुणपत्रिका बघून तोंड पडायचं तसं पडलं. आमच्या संघातली ४.५ वाली, एका पायाने चालू शकणारी, शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अगं वेडे, माझे साडेचार, तिचे चार, हिचे तीन, त्या एकीचे दीड. झाले तेरा. आता पाचवी कोण आणायची? एकवालीच लागते. तू आहेस म्हणून मी आणि ती चारवाली एकदम मैदानात उतरू शकतो." त्याच क्षणी माझ्या आकड्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं.

पण तो कायमचा नव्हता. तपासणीत दिलेला वर्ग सामन्यात पडताळला जातो. पहिल्या सामन्याला ते तिघं बाजूला बसून होते. माझं काम ठरलेलं: आमची नेमबाज सुटावी म्हणून समोरच्या खेळाडूच्या वाटेत खुर्ची आडवी घालायची, म्हणजे पिक लावायचा. इथे खुर्ची खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात, त्यामुळे खुर्ची जागेवर वेळेत पोचली की अर्धं काम झालं. मी तीन पिक लावले, दोन चुकवले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरून जोरात धडक बसली. मी पुढे वाकले आणि सरळ झाले. हातात चेंडू होता, तो मी पास केला. बस, एवढंच.

सामन्यानंतर कळलं, माझे १.५ झाले. दोन्ही हात चेंडूवर असताना मी वाकून परत आले होते. पोटाच्या वरच्या भागातले काही स्नायू थोडं काम करताहेत, असं त्यांचं म्हणणं. मी खुर्चीत बसूनच रडले. सहा वर्षांत एकाही डॉक्टरने मला हे सांगितलं नव्हतं.

सरांनी पाठ थोपटली आणि खिशातून पाच जणींच्या जुळणीचा कागद काढला. त्यांचा चेहरा पाहून माझ्या डोक्यात बेरीज सुरू झाली. साडेचौदा. विरोध नोंदवता आला असता, सरांनी विचारलंही. पण मी वाकले होते आणि परत आले होते, ते कसं नाकारायचं? टोकियो पॅरालिम्पिकच्या आधी २०२० मध्ये ४.० आणि ४.५ च्या खेळाडूंची पात्रता नव्याने तपासली गेली. त्यातल्या काहींना तर तुमचं अपंगत्व निकषांत बसतच नाही असं सांगून खेळाबाहेर काढलं. त्यांच्यापुढे माझा अर्धा पॉइंट म्हणजे काहीच नाही, अशी मी माझी समजूत घालत होते.

काहीच नाही असं नव्हतं मात्र. नवी जुळणी ठरली: साडेचार, चार, अडीच, दीड, दीड. ३.० वाली बाकावर गेली. माझ्या खोलीतली, रोज रात्री माझ्या खुर्चीची चाकं पुसून ठेवणारी. रात्री दिवा घालवल्यावर ती म्हणाली, "पोट जरा स्पर्धा संपल्यावर उठवायचं होतंस." मग दोघी बराच वेळ हसलो. पण ती लवकर गप्प झाली, हे मला कळलं.

पुढच्या सामन्यात आमच्या ४.० वालीला पाचवा फाउल पडला, म्हणजे ती बाहेर. सरांनी बाकाकडे न बघताच हात केला. माझी मैत्रीण आत आली, जागा घेता घेता माझ्या खुर्चीला तिची खुर्ची मुद्दाम घासली आणि म्हणाली, "आता बेरीज तेरा. एक पॉइंट उरलाय, हवा का तुला?"