कारवानीची नसबंदी: भूल, थंडी आणि टाके

मुधोळ-जत पट्ट्यातली कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची कुत्री, नसबंदीसाठी न्यायची, तर शस्त्रक्रियेपेक्षा भुलेची चौकशी आधी करावी. मी डॉक्टरांना पहिलं विचारलं ते थायोपेंटोन हे शिरेतून द्यायचं भुलेचं औषध देणार का. इतर कुत्र्यांत हे औषध स्नायूंत आणि चरबीत पसरतं आणि जनावर शुद्धीवर येतं. कारवानीच्या अंगावर चरबी नावालाच. शिवाय ग्रेहाउंड या शर्यतीच्या कुत्र्याचं यकृत ते फार सावकाश मोडतं, आणि हिची ठेवण त्याच घराण्यातली. म्हणून धोका पत्करू नये. आमच्याकडे प्रोपोफोलने झोपवून श्वासनलिकेत नळी घातली आणि आयसोफ्लुरेन या भुलेच्या गॅसवर ठेवलं. गॅसची सोय नसेल तिथे मी तरी नेणार नाही.

तारीख माजानंतर दोन-तीन महिन्यांची धरली, कारण माजात गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो. वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्यावं, अंदाजाने डोस नको. रक्ताच्या अहवालात पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, पन्नासच्या पुढे दिसला की पाणी कमी पडलंय असं वाटतं. पण वेगाने पळणाऱ्या कुत्र्यांत तो मुळातच जास्त असतो. शेवटच्या बरगड्या दिसतात म्हणून ‘आधी जाड करून आणा’ असंही ऐकावं लागतं. हसून सोडून द्यावं.

खरी अडचण थंडीची. पातळ कातडी, आखूड केस आणि पोट भादरलेलं, त्यामुळे टेबलावर अंगाचं तापमान झपाट्याने उतरतं. आणि अंग गार पडलं की शुद्ध यायला आणखी उशीर. खाली गादी घालावी, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून लावाव्यात. उघडी बाटली या कातडीला भाजते. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावावा. ९९ फॅरनहाइटच्या वर येईपर्यंत घरी आणू नये.

टाके चाटू नयेत म्हणून घालतात ते प्लास्टिकचं नरसाळं हिच्या गळ्यात टिकत नाही. डोकं मानेएवढंच अरुंद, पट्टा सरळ कानांवरून निघतो. त्यापेक्षा जुन्या टी-शर्टात पुढचे पाय बाह्यांतून घालून मागची कड कमरेवर गाठवावी. लघवीला नेताना गाठ सोडायची.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर दोरीशिवाय अंगणातही नाही, कारण मांजर दिसलं की ही उभ्या जागेवरून उडी घेते. टाके निघाल्यावरही मी आठवडाभर मोकळी सोडली नाही. पोटाचा आतला थर कातडीपेक्षा उशिरा भरतो.