शनिवारवाड्याचे छायाचित्र: उन्हाची बाजू पाहून

शनिवारवाड्याचे छायाचित्र म्हटले की दिल्ली दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज, वरचा नगारखाना आणि समोर थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, एवढे सगळे एका चौकटीत आणण्याचा आपला हट्ट असतो. गेल्या डिसेंबरात मीही तेच केले आणि घरी येऊन पाहिले तेव्हा आकाश पांढरेफटक, दरवाजा काळाठिक्कर आणि बुरूज मागे झुकलेले अशी चाळीसेक चित्रे हाती लागली. दोष कॅमेऱ्यात असावा अशी समजूत करून घेणे सोयीचे होते, परंतु सातारहून आलेल्या भाच्याने मोबाइलवर काढलेली चित्रेही तितकीच काळवंडलेली निघाली, तेव्हा कारण शोधणे भाग पडले.

कारण साधे आहे. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात पुण्याचा सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत दक्षिणेच्या अंगानेच फिरतो, त्यामुळे या दर्शनी भिंतीवर दिवसभर ऊन पडतच नाही आणि आपण मात्र उजेडाकडे तोंड करून उभे राहतो. मेच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य पुण्याच्या डोक्यावर येतो व त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे पर्यटकांना पुण्याची हवा मानवते ते महिने समोरच्या बाजूसाठी निरुपयोगी, आणि ज्या महिन्यांत कोणी घराबाहेर पडू इच्छीत नाही त्याच महिन्यांत या भिंतीला पहाटेचे तिरपे ऊन मिळते. पावसाळी ढग दाटण्यापूर्वीचा मेचा शेवटचा आठवडा त्यामुळे सर्वांत चांगला.

या हिशेबाने मेच्या अखेरीस आम्ही दोघे पुन्हा गेलो. त्या दिवसांत सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, म्हणून मेट्रोवर विसंबून न राहता कोथरूडहून साडेपाचलाच रिक्षा केली. (उशिरा जाणाऱ्यांना कसबा पेठ स्थानक जवळ पडते. महापालिकेजवळच्या स्थानकावर उतरल्यास नव्या पुलावरून, म्हणजे पाटीवरच्या शिवाजी पुलावरून, मुठा ओलांडून चालत येता येते.) समोरच्या इमारतींमुळे पहिले ऊन भिंतीवर यायला सूर्योदयानंतर वीसेक मिनिटे लागली. आले ते असे आडवे, की बुरुजाचा दगड न् दगड सुटा दिसू लागला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दरवाजा स्वतः बुरुजांच्या आत दबलेला असल्याने पूर्वेकडच्या बुरुजाची सावली त्यावर पडते आणि फळ्यांवरचे ते प्रसिद्ध अणकुचीदार खिळे अंधारातच राहतात. मी त्यांचा नाद सोडला आणि बुरुजाकडे वळलो. या वाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे, हे आपण वाचलेले असते. पण जवळून पाहिले तर त्या सांध्याशी काळसर दगड संपून लालसर वीट जेथे सुरू होते, तेथे चुन्याची एक वाकडीतिकडी रेघ आहे, आणि तिच्यातून उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्याची सावली त्या सकाळी खालच्या दगडावर हातभर लांब पडली होती. संपूर्ण वाडा न दाखवणारे हे एकच चित्र मला त्या दिवसाचे फलित वाटते. भाचा मात्र म्हणाला, “मामा, हे कुठल्याही जुन्या भिंतीचं वाटेल.” त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, म्हणून पुढच्या चौकटीत मी नगारखान्याची कमान कोपऱ्यात येऊ दिली.

संपूर्ण दर्शनी भाग हवाच असेल तर पुढे जाण्याऐवजी पटांगणाच्या पार टोकाला मागे जावे आणि 70 ते 85 मिलिमीटरची लेन्स किंवा मोबाइलवरची दुप्पट-तिप्पट जवळ आणणारी भिंग वापरावी. जवळून रुंद लेन्सने कॅमेरा वर उचलला की बुरूज मागे कलंडतात. तिपाई (ट्रायपॉड) नेऊ नये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तिला परवानगी लागते, आणि ड्रोनचा विचार तर करूच नये.

तिकीट काढून आत गेल्यावर बहुतेकांची निराशा होते, कारण 1732 साली वास्तुशांत झालेल्या या वाड्यातील महाल 1828च्या आगीत गेले आणि उरली ती जोती. माझ्या मते खरा नवा कोन येथेच आहे. उत्तरेच्या तटावर चढून दक्षिणेकडे पाहिले की चौक, दालने, हजारी कारंजे यांचा आराखडा जमिनीवर मांडल्यासारखा दिसतो. मेमध्ये ऊन डोक्यावर चढत गेल्याने तो सपाट भासला. हिवाळ्यात मात्र जो सूर्य दर्शनी भिंत काळी करतो, तोच जोत्यांच्या सावल्या आपल्याकडे ओढत आणतो आणि दीड-दोन फुटांची जोतीही उठून दिसतात. नगारखान्याचा जिना खुला असेल तर तेथील लाकडी कमानीतून पटांगण जरूर टिपावे. कमान काळी आणि बाहेरचे शहर उजळ, हे तेथे सहज साधते.

ज्यांना डिसेंबर-जानेवारीतच यायचे आहे, त्यांनी दिल्ली दरवाजासमोर वेळ न घालवता पूर्वेच्या खिडकी दरवाजाकडे जावे. त्या बाजूला बारा महिने सकाळचे ऊन मिळते. भाचा नाताळच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे, तेव्हा त्याला तेथेच नेईन.