टक्का नेमका कशावर?

सांगलीजवळच्या माझ्या वर्कशॉपात द्राक्षबागेचे ब्लोअर, म्हणजे औषध फवारायची यंत्रं, दुरुस्तीला येतात. निम्म्यांची तक्रार एकच, नोझल चोकअप. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारला की नोझलची जाळी बुजलीच समजा. मी नोझलच्या आत अशी रचना केली की कॅप पाव फेरा फिरवली की पाणी उलटं वाहून जाळी धुतं. पाना लागत नाही, पंप बंद करावा लागत नाही.

पाव फेऱ्यात सुटणाऱ्या कॅप बाजारात आधीच होत्या. म्हणून पेटंट एजंटनं दाव्यातून, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागतो त्या भागातून, कॅप काढून टाकली, फक्त उलटं धुणं ठेवलं. तेव्हा जिवावर आलं होतं. पण पुढे जिच्याशी करार झाला त्या कंपनीच्या वकिलानं जुन्या पेटंटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, तेव्हा त्यातलं एकही आडवं आलं नाही.

प्रोव्हिजनल, म्हणजे आधी तारीख राखून ठेवणाऱ्या तात्पुरत्या अर्जाला एकट्या माणसासाठी ऑनलाइन फी १६०० रुपये (एजंटची वेगळी, आणि ती बोलायलाच नको). तिथून पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. त्या मुदतीतच मी परवाना देऊन माल बनवून घ्यायला कंपन्यांची दारं ठोठावली. गोपनीयतेच्या करारावर पहिल्या भेटीत कुणीच सही करेना. ‘आमचीही माणसं यावर काम करत असतील, उद्या तुम्ही म्हणाल चोरलं.’ तेही खरंच. मग अर्जात होतं तेवढंच दाखवलं. जाळी कशाची, भोकं किती मायक्रॉनची, ते सही झाल्यावर.

शेवटी एका जुन्या कंपनीशी जमलं. घासाघीस भरपूर झाली, पण टक्क्यावरून नाही. निव्वळ विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी त्यांनी सहज देऊ केली. आता कॅप सुटी विकली तर तिला किंमत असते. ब्लोअरला बसून गेली तर बिलावर फक्त ब्लोअर. मग ३ टक्के कशाचे? मी टक्का सोडून नगामागे ठरावीक रुपये मागितले. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनाही ते सोयीचं वाटलं. किमान रॉयल्टीवर मात्र ते अडून बसले. माझं म्हणणं, हक्क एकट्या तुम्हालाच हवा तर माल विका न विका, वर्षाला अमुक रक्कम द्यायची. नाहीतर कंपनी हक्क घेऊन कपाटात ठेवणार आणि मी वाट बघत बसणार. रक्कम थोडी उतरवली, अट ठेवली.

मसुद्यात आणखी एक कलम होतं, मी पुढे करीन त्या सुधारणांवर हक्क फक्त त्यांचा. आमच्या वकीलबाईंनी पेटंट कायद्याचं कलम १४० पुढे केलं. अशी अट परवान्यात घालताच येत नाही. ते कलम त्याच बैठकीत गेलं.

पेटंट मंजूर झाल्यावर फॉर्म १६ भरून परवाना नोंदवला. फॉर्म २७ मध्ये पेटंटचा वापर होतोय का ते कळवावं लागतं, त्यांनाही आणि मलाही, म्हणून माहिती देण्याचं बंधन करारातच घातलंय. वॉरंटीत फुकट बदलून दिलेल्या कॅप नगांत धरायच्या की नाही, यावर मात्र दर तिमाहीला आमची जुंपते.